भुकेला जंतू चिवट असतो

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. लग्नसराईचे दिवस आहेत, तेव्हा एका लग्नापासूनच सुरू करते. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. एरंडोलजवळच्या एका खेड्यात माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मे महिना. जेवण आपलं नेहमीचं: वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, भात, जिलबी. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून आचाऱ्याने पहाटे चारलाच भात शिजवला, मोठ्या पातेल्यात दाबून भरला आणि वर ओलं फडकं टाकलं. वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली. लग्न लागायला दीड वाजला, पंगत बसली अडीचला. वाढण्याआधी पातेल्याखाली पुन्हा जाळ घातला होता. मी स्वतः वाढायला होते, घमेल्याचा हाताला चटका बसत होता. वास म्हणाल तर काहीच नाही, ना आंबूस ना उबट.

पाचच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या. आधी मुलं, मग बायाबापडी. बट्टी सगळ्यांनीच खाल्ली होती, त्रास झाला तो भात घेतलेल्यांना. सुदैवाने सकाळपर्यंत सगळे उठून बसले. पण रात्री मामा आचाऱ्यावर ओरडत होता आणि आचारी हात जोडून एकच सांगत होता, "दादा, मी गरम भात वाढला." तो खोटं बोलत नव्हता.

पातेल्यातला मूठभर भात मी डबीत घातला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. आगरच्या ताटलीवर रात्रीतून ज्या वसाहती उठल्या त्या मोठ्या, दुधी काचेसारख्या मळकट, कडा खरबरीत. मॅलकाइट ग्रीन हा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गुलाबी कांड्यांच्या पोटात हिरवे ठिपके. ते हिरवे ठिपके म्हणजे बीजाणू. जंतूचं नाव बॅसिलस सेरियस.

हा मातीतला जंतू. तांदळाबरोबर घरात येतो तो बहुतेक बीजाणूच्या रूपात. बीजाणू तो कधी करतो? उपासमार झाली की. खायला संपलं की पेशी आपली जनुकं एका कोपऱ्यात बांधते, भोवती थरावर थर चढवते, आतलं पाणी काढून टाकते आणि कॅल्शियमचा एक क्षार ठासून भरते. मग भूक, ऊन, उकळी, कशाचंही भय नाही. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, हा राहतो. एवढंच नाही, उकळीचा तो तडाखा त्याला जागं व्हायच्या तयारीला लावतो. पुढे भात निवत आला की अ‍ॅलानिनसारखी अमिनो आम्लं बीजाणूच्या आतल्या आवरणावरच्या ग्राहकांना, म्हणजे खूण ओळखणाऱ्या प्रथिनांना, लागतात. अन्न आलं, एवढी त्याला खूण पुरते. मग कवच फुटतं, पेशी बाहेर येते आणि वाढायला लागते, तेही आजूबाजूला कुणी स्पर्धक नसताना.

पातेल्यात दाबलेला भात आठ-आठ तास आतून कोमट राहतो. त्या कोमट पोटात हा जंतू वाढला आणि त्याने सेरुलाइड नावाचं विष तयार केलं. हे विष १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. आचाऱ्याने दुसऱ्यांदा लावलेल्या जाळाने जंतू मेले असतील, पण विष तसंच पानात आलं. आणि या विषाला वास नाही. "वास घेऊन बघ गं" ही आपल्या घराघरातली परीक्षा इथे पार निकामी आहे, आणि मला आजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

आता जे बीजाणू करत नाहीत, त्यांच्याकडे येऊ. वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवत असे. ई. कोलाय जंतूच्या दोन नळ्या घ्यायच्या. पहिली, दोन तासांपूर्वी ताज्या पोषक रसात सोडलेली, त्यातले जंतू खाऊन-पिऊन जोरात वाढताहेत. दुसरी आदल्या रात्रीची, त्यातलं खाणं संपलेलं. दोन्ही ५५ अंशांच्या पाण्यात धरायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने थेंब काढून ताटलीवर पसरायचा. मुलांचा अंदाज ठरलेला: धष्टपुष्ट टिकतील, उपाशी मरतील. दुसऱ्या दिवशी ताटल्या उघडल्या की उलटंच. धष्टपुष्टांची ताटली कोरी व्हायला लागलेली आणि उपाशांच्या ताटलीवर वसाहती दाटीने उभ्या.

याचं कारण असं, की खाणं संपल्याची जाणीव झाली की ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जंतू आरपीओएस नावाचं एक प्रथिन साठवतात. ते शेकडो जनुकं एकदम चालू करतं. पेशी आखडते, ट्रेहॅलोज ही साखर साठवते, डीएनएभोवती प्रथिनांचं वेष्टण गुंडाळते. तयारी भुकेची असते, पण तीच उष्णतेला, आम्लाला, मिठालाही पुरते. एका संकटाने दहा संकटांची तालीम होते म्हणा ना.

आणि ही तालीम आपणही त्यांच्याकडून करून घेतो. १९९० मध्ये फॉस्टर आणि हॉल या शास्त्रज्ञांनी साल्मोनेलाला आधी ५.८ पीएचच्या, म्हणजे जेमतेम आंबट पाण्यात ठेवलं आणि मग ३.३ पीएचमध्ये, म्हणजे चांगल्याच आंबट पाण्यात टाकलं. सरळ टाकलेले जंतू मेले, आधी सराव झालेले टिकले. म्हणून मी घरोघर सांगत असते, थोडं गरम, थोडं आंबट, थोडं खारट हे सगळ्यात वाईट. जंतूला ताण द्यायचा तर पुरता द्या.

पोटात गेल्यावरची गोष्ट तर फार सुंदर आहे. सुंदर हा शब्द मी विचार करून वापरते. जठरातलं आम्ल जंतूच्या पेशीत घुसतं. ई. कोलाय त्याला तोंड देतो ते ग्लुटामेट या अमिनो आम्लाने. ग्लुटामेट आत घ्यायचं, त्याचं गाबा नावाच्या रेणूत रूपांतर करायचं, त्या रूपांतरात आम्लाचा एक प्रोटॉन, म्हणजे आम्लपणा आणणारा कण, खर्ची पडतो, आणि गाबा बाहेर टाकून त्याच दाराने नवं ग्लुटामेट आत घ्यायचं. विहिरीवरच्या रहाटासारखं हे चक्र फिरत राहतं. टोमॅटोत ग्लुटामेट मोकळं असतं. डाळीच्या, गव्हाच्या प्रथिनांतही ते भरपूर असतं. आपल्या ताटातलंच घेऊन तो आपल्या जठराशी लढतो.

नंदुरबारकडून कुणी आलंय का? तिकडच्या मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्या असतील, नजर पोचेपर्यंत लाल. वाळवण ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती: मिरची, बिबडे, कुरडया. कोरड्यात जंतू वाढत नाही हे अगदी खरं. पण वाढत नाही म्हणजे मेला असं नाही. साल्मोनेला कोरड्या मसाल्यात महिनोन्‌महिने तग धरतो, आणि ओल्या पेशीपेक्षा कोरडी पेशी उष्णतेत जास्त टिकते. १९९३ साली जर्मनीत बटाट्याच्या चिप्सवर भुरभुरलेल्या पॅप्रिका मिरचीपुडीतून सुमारे एक हजार लोक आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं. ४ ते ४५ इतके थोडे जंतूही पुरले असावेत असा तेव्हा अंदाज निघाला. चिप्समधल्या तेलकटपणाने जंतूंना जठरातल्या आम्लापासून आडोसा मिळाला असावा. फोडणीत पडलेल्या तिखटाची मला चिंता नाही. कोशिंबिरीवर, ताकावर वरून कच्चं भुरभुरतो, ते तिखट पथारीवर कसं वाळलं, कुठे दळलं, याची आहे.

खव्याचं थोडक्यात सांगते. पेढ्यात साखर एवढी असते की बहुतेक जंतूंना पाणीच मिळत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूला मात्र तेवढं पाणी पुरतं, आणि तो आपल्या हाताच्या फोडात, नाकात बसलेला असतो. त्याचंही विष उकळून जात नाही. बोटाला पिकलेली जखम असलेल्या माणसाने पेढे वळू नयेत.

मटणाच्या पातेल्याचं गणित वेगळं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हाही बीजाणूवाला. रस्सा उकळला की त्यातला प्राणवायू निघून जातो, आणि याला प्राणवायू नकोच असतो. बरीचशी अमिनो आम्लं त्याला स्वतः बनवता येत नाहीत, त्यामुळे मांसासारखं आयतं ताट त्याला दुसरं नाही. त्याची आवडती ऊब ४३ ते ४५ अंश. आपल्या जळगाव-भुसावळची मे महिन्यातली दुपार! तेवढ्या उबेत तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. मात्र इथे त्रास होतो तो जिवंत जंतू मोठ्या संख्येने पोटात गेल्याने. म्हणून हा रस्सा खळखळून उकळला तर फायदा होतो, जो भाताला होत नाही. दोन पातेली, दोन न्याय.

"फ्रीज आहे की", असं कुणीतरी आता म्हणेल. फ्रीजने बहुतेकांची वाढ मंदावते, लिस्टेरिया नावाचा जंतू मात्र चार अंशांतही वाढतो. थंडीत आवरण गोठू नये म्हणून तो त्यातली स्निग्धाम्लं बदलतो, आणि अन्नातली बीटेन, कार्निटीन ही पेशीला थंडीत सांभाळणारी द्रव्यं ओढून घेतो. गरोदर बाईने कितीतरी दिवसांचं फ्रीजमधलं तयार अन्न खाऊ नये ते यासाठी.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, मग भात करायचा कसा? दोन तासांत खायचा असेल तर वाफाळता ठेवा, ६० अंशांच्या वर. ठेवायचाच असेल तर परातीत पातळ पसरून लवकर निववा आणि फ्रीजमध्ये टाका. पातेल्यात दाबून, फडकं झाकून ठेवू नका.

गेल्या वर्षी त्याच मामेबहिणीच्या मुलाचं लग्न झालं. आचारी त्याच घरातला, त्या आचाऱ्याचा मुलगा. त्याने भाताची तीन छोटी पातेली केली होती. तिसऱ्या पंगतीची पानं मांडत होते तेव्हा तिसऱ्या पातेल्याचं आधण नुकतंच उकळत होतं, आणि तो तांदूळ धुऊन बाजूला उभा होता.