हीटर हवाय कुणाला?

(दृश्य : गॅरेज, सकाळ. बॉनेट उघडं. कूलंटच्या बाटलीवर कॅमेरा.)

या बाटलीत कूलंट असतं, इंजिन गार ठेवणारं द्रव. त्याचा रंग बघून घ्या. हिरवा, गुलाबी, निळा, कुठला तरी झगझगीत रंग इथे असायला हवा होता. दिसतोय तो गंजाचा, फार उकळलेल्या चहासारखा.

पुण्यातलं गॅरेज. गाडी डिझेलची, दुसऱ्या मालकाच्या हातातली. घरची मंडळी जानेवारीत हिमाचलमधल्या बर्फाळ स्पितीला निघाली आहेत. तक्रार एका ओळीची : हीटर लावला की गार वारा येतो. आधीच्या मालकानं तो कधी लावून पाहिला असेल असं वाटत नाही. महाराष्ट्रात हीटर हवाय कुणाला? एसी गार झाला की भागलं.

(दृश्य : ताम्हिणी, पाऊस. आतून धुरकटलेली काच, तिच्यावर फिरणारं फडकं.)

आता हे बघा. पावसाळ्यातला ताम्हिणी घाट. काच आतून धुरकटली आहे आणि ड्रायव्हर एका हातानं फडकं फिरवतोय, वळणावर! खरं तर एसी आणि हीटर दोन्ही लावायचे आणि वारा काचेवर सोडायचा. एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो, हीटर काच गरम ठेवतो, आणि थोड्याच वेळात समोरचं स्वच्छ दिसायला लागतं. पण त्यासाठी हीटर जिवंत पाहिजे.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. इंजिन चालू.)

अशा गाडीत ऊब देणारं वेगळं काही नसतं. इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीची काही धुरावाटे जाते, काही इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये उतरते. त्या गरम कूलंटची एक फांदी डॅशबोर्डच्या मागे येते. तिथे वहीएवढी एक जाळी असते, गॅरेजच्या भाषेत हीटर कॉइल. तिच्यातून ब्लोअरची हवा गेली की आत ऊब. इंजिनाला नकोशी झालेली उष्णता आपल्याला फुकटात मिळते.

मिस्त्री कशालाच हात न लावता आधी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बघतात. काटा मधोमध येऊन थांबला, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा हा छोटा झडपवाला भाग साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो. तो उघडाच अडकला तर इंजिन तापायलाच वेळ घेतं, आणि लोक दोष हीटरला देतात.

मग ते इंजिनामागच्या दोन रबरी पाइपांकडे वळतात. एक आत जाणारा, एक परत येणारा.

(दृश्य : तापमान मोजणारी गन, आधी एका पाइपावर, मग दुसऱ्यावर.)

आत जाणारा ८४ अंश. परत येणारा ४१.

इथेच निदान झालं. दोन्ही पाइप सारखे गरम असते तर शंका डॅशबोर्डमधल्या फ्लॅपवर गेली असती. गार आणि गरम हवेची वाट बदलणाऱ्या त्या फ्लॅपची छोटी मोटर बिघडली की आतून टकटक ऐकू येते. दोन्ही कोमट असते तर कूलंट कमी, नाहीतर थर्मोस्टॅट. पण एक चटका देणारा आणि दुसरा कोमट, म्हणजे मधली कॉइल तुंबली.

तुंबली कशानं? वर्षानुवर्षं कूलंटऐवजी साधं पाणी ओतलं गेलं म्हणून. नळाचं, बोअरचं, वाटेतल्या हॉटेलचं. जड पाण्याचे क्षार धातूवर बसतात, गंज सुटतो, आणि सगळा गाळ सगळ्यात बारीक नळ्या शोधतो. त्या हीटर कॉइलच्या. तरी पंपावर ‘पाणी टाकू का?’ असं कुणी विचारलं की आपण मान डोलावतो.

(दृश्य : पाइप सुटतात. कॉइलमध्ये उलट्या बाजूनं पाणी.)

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पाइप सोडलेत. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळती वाफ तोंडावर येते. आता पाणी उलट्या बाजूनं सोडायचं, तेही हळू. ‘प्रेशर मारू नको रे, कॉइल फुटंल,’ मिस्त्री पोराला सांगतात. ती फुटली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तो उतरवण्याचं काम कॉइलपेक्षा महाग.

बघा काय बाहेर येतंय.

(दृश्य : तपकिरी पाणी, गंजाच्या खपल्या. थोडा वेळ निवेदन नाही.)

आता पाणी स्वच्छ पडतंय. पाइप जोडले, नवं कूलंट भरलं. कूलंट आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, निम्मंनिम्मं. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. स्पितीच्या रात्री साधं पाणी गोठून फुगलं असतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला असता.

गाडी चालू. गरम वारा आला! आणि लगेच गेला. रेस दिली की येतो, सोडली की गार. कॉइलमध्ये हवा अडकली आहे. मग पुढची चाकं उंचावर घेतात, इंजिन गार असतानाच उघडून ठेवलेल्या रेडिएटरच्या तोंडातून, हीटर फुल ठेवून, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत कूलंट घालत राहतात. या कामात घाई चालत नाही.

(दृश्य : पुन्हा गन.)

८० आणि ७१. जमलं.

मिस्त्रींनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट. घाट चढताना इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून हीटर फुल सोडायचा. आत जीव उकडतो, पण ही कॉइल दुसऱ्या रेडिएटरचं काम करते आणि गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत काटा आवरतो.

काढलेलं जुनं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलंय. कूलंट गोडसर असतं आणि विषारी. गटारात सोडलं तर कुत्री चाटतात आणि मरतात.

मालक किल्ली घेतात. ‘झालं ना मामा?’

‘पन्नास किलोमीटर फिरवून आणा साहेब. गार झाली की पातळी परत बघू. आणि वाटेत कोणी पाणी टाकू का म्हटलं, तर नको म्हणा.’