वेगळी चूल

(दृश्य : पहाटेचं अहिल्यानगर. लांबून चर्चची घंटा ऐकू येते.)

तेव्हा ह्या गावाचं नाव अहमदनगर होतं आणि इथे अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं होतं. एकोणिसावं शतक संपता संपता इथल्या ख्रिस्ती माणसांत एक ब्राह्मण बाई राहायला आल्या. बरोबर लहान मुलगा, दत्तू. बाईंचा स्वयंपाक सोवळ्यातला, चूल वेगळी. येशू ख्रिस्तावर त्यांचा विश्वास नव्हता. उलट, ह्याच धर्मापायी आपला संसार मोडला, हे दुःख त्या उराशी घेऊन आल्या होत्या.

ह्या लक्ष्मीबाई टिळक.

(दृश्य : धावती आगगाडी, खिडकीतून मागे पडणारी शेतं.)

त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक. राजनांदगावच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. पुस्तक वाचत, शंका विचारत, स्वतःशी झगडत टिळक १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. त्या दिवसापासून नवरा-बायको दुरावले. सुमारे पाच वर्षं! एकत्र आले तेव्हा टिळकांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. तिनं आपलं सोवळं पाळावं, आपल्या देवाला हात जोडावेत.

इथे क्षणभर थांबून यजमानांकडेही पाहायला हवं. नगर भागातले ख्रिस्ती लोक बहुतेक महार आणि मांग समाजांतून आलेले. सोवळं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी ते सोसलं होतं. आता तेच सोवळं त्यांच्या शेजारी येऊन चूल मांडून बसलं. आपल्या हातचं पाणी न पिणाऱ्या बाईला आपल्यात राहू देणं, ह्याला मी नुसतं आदरातिथ्य म्हणणार नाही. आपल्याकडे चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. तो शब्द मला ह्या शेजारात सर्वांत खरा वाटतो.

लक्ष्मीबाई पाहत होत्या. जात देवानं केली की माणसानं, ह्याचा विचार त्यांच्या मनात सुरू झाला. उत्तर सापडलं तेव्हा सोवळं सुटलं, कुणाच्याही हातचं खाणंपिणं सुरू झालं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी शेजार, मग पंगत, मग श्रद्धा. पुढे ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं मोकळेपणानं सांगितलं, म्हणून तर आपल्याला ते कळतं.

(दृश्य : सातारा. अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं शहर. टाळ-मृदंगाचा आवाज.)

सतरा वर्षांनी, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुवर्ग. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे घर सुटणं, जात तुटणं, आईबापांनी जिवंतपणी मेलेला मानणं. त्याची किंमत टिळकांनी स्वतः मोजली होती. ख्रिस्तावर जीव जडलाय, पण उंबरठा ओलांडवत नाही, अशा माणसानं बाहेर किती दिवस एकट्यानं उभं राहायचं? टिळक त्याला म्हणाले, आत ये, आमच्यात बस. भजन-कीर्तन तर ओळखीचंच होतं. टिळक स्वतः तुकारामाच्या अभंगांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलेले.

दरबारात यायला ख्रिस्ताची ओढ तरी लागे. लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा त्यांच्याकडे तेवढीही नव्हती. तरीही मला वाटतं, दरबाराचं दार टिळकांना पहिल्यांदा दिसलं ते त्या वेगळ्या चुलीपाशीच.

दरबाराला फार आयुष्य लाभलं नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य, ‘ख्रिस्तायन’, जेमतेम सुरू झालं होतं. ते अपुरं राहिलं.

(दृश्य : कंदिलाचा उजेड, कागद, लिहिणारा हात.)

लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. आणखी ६४ अध्याय लिहिले.