ओपन सोर्सला कोड पाठवताय? आधी स्वतःचा डिफ वाचा!

[कॅमेरा सुरू. मागे पावसाचा आवाज.]

नमस्कार मंडळी! आवाज येतोय ना नीट? आमच्या गोव्यात, फोंड्याला सकाळपासून नुसता ओततोय, आणि आमच्या बाल्कनीवर पत्रे. लाइट दोनदा गेली, सध्या इन्व्हर्टरवर आहे. मध्येच गायब झाले तर समजून घ्या.

दरवर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आटोपली, माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळं-फुलं उतरली की माझ्या कमेंट बॉक्समध्ये एकच प्रश्न सुरू होतो. ताई, ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरला, कोड कसा द्यायचा? कारण ऑक्टोबर जवळ येतो, आणि ऑक्टोबर म्हणजे हॅक्टोबरफेस्ट. महिनाभर ओपन सोर्सला कोड द्यायचा उपक्रम, ठरलेलं काम केलं की टी-शर्ट मिळायचा. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट कुठली माहितीये? "ताई, टी-शर्ट मिळतो का अजून?" अरे बाबा!

बरं, टी-शर्टचं एकदाच सांगते आणि सोडते. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने 2014 साली हे सुरू केलं, हेतू चांगला होता. 2020 मध्ये काय झालं, की टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलमध्ये "ऑसम प्रोजेक्ट" असली भर घालून पुल रिक्वेस्टचा, म्हणजे "माझा बदल घ्या" अशा विनंत्यांचा, नुसता पाऊस पाडला. बिचारे मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, सकाळी उठून कचरा काढतायत! शेवटी त्याच ऑक्टोबरमध्ये नियम बदलावा लागला. ज्या प्रोजेक्टने स्वतःहून "आम्ही यात आहोत" म्हटलंय, तिथलंच काम धरायचं. 2023 ला तर टी-शर्टऐवजी डिजिटल बॅज आला. तेव्हा कपड्यांसाठी येत असाल तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे, तिकडे जा.

आता बेसिक. हे मी भरभर म्हणते, कारण यावर हजार व्हिडिओ आहेत आणि सगळे बरोबर आहेत. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात ती साइट गिटहब. तिथे खातं काढा. प्रोजेक्ट फोर्क करा, म्हणजे तुमच्या खात्यात त्याची प्रत येते. ती क्लोन करून मशीनवर घ्या. मूळ प्रोजेक्टला अपस्ट्रीम म्हणून जोडून ठेवा. नवी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा काढा, मेन या मुख्य शाखेवर काम करू नका. बदल करा, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) चालवा, कमिट (बदलाची नोंद), पुश (ती गिटहबवर पाठवणं), पुल रिक्वेस्ट. झालं. हो, आणि कॉन्ट्रिब्युटिंग नावाची फाइल असते ती वाचा. काही प्रोजेक्ट प्रत्येक कमिटवर सही मागतात, "हा कोड द्यायचा मला हक्क आहे" अशी. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ती पद्धत 2004 पासून आहे, गिटच्याही आधीपासून. गिट आलं 2005 ला. कमिट करताना एक छोटा एस लावला की सही आपोआप पडते.

"ताई, काम कुठलं निवडू?" हा प्रश्न मला खरंच आवडतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. जे ॲप तुम्ही रोज वापरता, त्यात जे खुपतं ते निवडा. आणि आपल्याला खुपेल असं भरपूर असतं, कारण आपण देवनागरीत टाइप करतो.

[स्क्रीनवर: थांब्यांची यादी.]

हे बघा. बसचं वेळापत्रक दाखवणारं एक छोटं ओपन सोर्स ॲप मी वापरत होते. त्यात अरुंद स्क्रीनवर थांब्याचं नाव सहा अक्षरांवर कापायचे. इंग्रजीत ठीक आहे. आपल्याकडे काय दिसायचं? म्हापसा होतो "म्हापस". फर्मागुढी होते "फर्माग". आणि कुंकळ्ळी? "कुंकळ्". तो शेवटी लटकणारा हलंत बघा! कंडक्टर असं ओरडला तर कोण उतरेल?

का होतं हे? आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते कॉम्प्युटरला तसं दिसत नाही. कुंकळ्ळी म्हणजे त्याच्या लेखी क, उकार, अनुस्वार, क, ळ, हलंत, ळ, वेलांटी. आठ तुकडे. सहावर कापलं की सुरी बरोबर जोडाक्षरात घुसते. उपाय जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतच आहे, इंटल सेगमेंटर नावाचा. तो माणसाला दिसणारी अक्षरं मोजतो. त्याच्या हिशेबाने कुंकळ्ळी तीनच अक्षरांची: कुं, क, ळ्ळी. पण थांबा, इथे एक गोम आहे. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सगळ्या लिप्यांच्या मानकाच्या, 15.1 आवृत्तीत आला, 2023 मध्ये. जुन्या ब्राउझरमध्ये तो ळ्ळी फोडून ळ् आणि ळी असे दोन तुकडे करतो. म्हणून टेस्ट लिहायची, आणि जुन्या ब्राउझरवरही चालवून बघायची.

मी पाठवलेल्या बदलात कोडच्या मोजक्या ओळी आणि तीन गावांची टेस्ट, एवढंच होतं. तो मेंटेनर युरोपातला, त्याला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नाही. तरी त्याने ते घेतलं. का? कारण बदल एका नजरेत मावत होता, आणि आधी नापास होणारी टेस्ट आता पास होत होती. ज्याला भाषा कळत नाही त्यालाही पटेल असं काम पाठवता येतं, यातली मजा मला अजून वाटते.

(कोंकणीत व्हिडिओ करा म्हणून एकीने लिहिलंय. "करतां गो, करतां!")

आता आजचा खरा विषय. माझं डोकं ज्याने उठतं तो. डिफ! म्हणजे तुम्ही काय बदललं ते ओळीओळीने दाखवणारी यादी, काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी.

फर्मागुढीला इंजिनिअरिंग करणारा माझा मावसभाऊ आहे. त्याने त्याच ॲपमध्ये वेळ दाखवण्यातली एक चूक शोधली. हुशार आहे, शोध बरोबर, उपाय बरोबर. दोन ओळींचा बदल. पुल रिक्वेस्ट पाठवली आणि मला फोन, "ताई, ते उत्तरच देत नाहीत." मी लिंक उघडली. अख्खी फाइल लाल, अख्खी फाइल हिरवी. प्रत्येक ओळ काढली आणि प्रत्येक ओळ पुन्हा घातली! म्हटलं, अरे, यात तुझ्या दोन ओळी कुठे आहेत? म्हणतो, "आहेत गं मध्येच कुठेतरी."

मध्येच कुठेतरी!

झालं होतं असं. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं असतात, लिनक्स आणि मॅकवर एक. त्याच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळ्या ओळींची शेपटं बदलली. डोळ्यांना काही दिसत नाही, गिटला मात्र प्रत्येक ओळ नवी वाटते. व्हीएस कोड वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात बघा, एलएफ (एक चिन्ह) किंवा सीआरएलएफ (दोन चिन्हं) असं लिहिलेलं असतं. प्रोजेक्टमध्ये एलएफ असेल तर तुमच्याकडेही एलएफच हवं. दुसरा चोर म्हणजे सेव्ह केलं की आपोआप फॉरमॅट करणारं, म्हणजे कोडची मांडणी बदलणारं सेटिंग. स्वतःच्या प्रोजेक्टात खुशाल लावा. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर बंद करा.

"पण ताई, कोड तर चालतो ना?" चालतो रे. पण वाचणाऱ्याचं काय? तो माणूस दिवसभर नोकरी करतो, रात्री जेवून झाल्यावर फुकटात तुझा कोड वाचायला बसतो. समोर हजार ओळी. त्यातल्या कुठल्या दोन खऱ्या, हे त्याने शोधायचं? तो टॅब बंद करतो. मीही एक छोटी कोड लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांना वापरता येणारा कोडचा संच, सांभाळते, मीही बंद करते. राग म्हणून नाही, झोप येते म्हणून.

दुसरं, हा कोड घेतला गेला असं समजा. वर्षभराने कोणी विचारलं, ही ओळ कोणी आणि का लिहिली? गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळीपुढे तुझं नाव! ज्याने खरंच विचार करून ती लिहिली, त्याचं कारण तुझ्या शेपटांखाली गाडलं गेलं. आणि काही बिघडलं तर? गिट बायसेक्ट नावाची फार सुंदर गोष्ट आहे. अर्धं अर्धं करत तो नेमका कुठल्या कमिटने घोळ घातला ते शोधून देतो. पण त्या कमिटमध्ये बग दुरुस्ती, फॉरमॅटिंग, फोल्डरची नावं असं सगळं एकत्र कोंबलेलं असेल तर शोधून मिळालं काय? पोतं मिळालं. उलटवायचं म्हटलं तर चांगला बदलही सोबत जातो. म्हणून कर्नलवाले त्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हणतात, एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या एका गठ्ठ्यात, एकच तार्किक बदल.

आणि तिसरं, हे जरा गंभीर आहे. मार्च 2024, एक्सझेड. फाइली दाबून लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर, असंख्य लिनक्स मशीनवर असतं. एका व्यक्तीने दोनेक वर्षं नेमाने काम करून विश्वास मिळवला, मग त्यात चोरदरवाजा बसवला. टेस्टसाठी ठेवलेल्या, वाचताच न येणाऱ्या फाइलींमध्ये तो लपवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं, तो मागे लागला, म्हणून सापडलं. अर्धा सेकंद! आता मला सांगा, यानंतर कुठला मेंटेनर अनोळखी माणसाचा न वाचता येणारा गठ्ठा आत घेईल? तुमच्या मनात पाप नसेल, पण त्याला ते कुठून कळणार?

तर करायचं काय?

[स्क्रीनवर: टर्मिनल.]

कमिटच्या आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, गिट डिफ. प्रत्येक ओळ वाचा, अगदी मोठ्याने वाचा, घरचे बघतील वेड्यासारखे, बघू देत. तुम्ही मुद्दाम न केलेली एक जरी ओळ दिसली तर ती काढा. फाइलमध्ये दोन वेगळे बदल झाले असतील तर गिट ॲड आणि पुढे डॅश पी. तो एकेक तुकडा दाखवून विचारतो, हा घेऊ? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. तुकडा मोठा असेल तर एस दाबा, तो आणखी फोडून देतो. मग पुश केल्यावर, रिक्वेस्ट पाठवायच्या आधी, बदललेल्या फाइलींचं पान उघडून पुन्हा वाचा. टर्मिनलमध्ये न दिसलेलं तिथे दिसतं, का ते मला विचारू नका. मावसभावाने शेपटं दुरुस्त करून तीच रिक्वेस्ट पुन्हा पुश केली, त्या आठवड्यात काम आत गेलं.

बाकीच्या कमेंट पटापट घेते.

"इंग्रजी कच्चं आहे." चालतं. काय बिघडलं, कसं दिसतं, काय बदललं, तीन साधी वाक्यं. स्क्रीनशॉट जोडा.

"मी इश्यूवर प्लीज असाइन मी लिहिलं, कोणी असाइन केलं नाही." इश्यू म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर नोंदवलेली चूक किंवा काम. तिथे नुसतं "हे मला द्या" एवढंच लिहिलं तर कोण देईल? त्यापेक्षा लिहा, मला चूक अमुक फाइलमध्ये दिसते, असं करायचा विचार आहे, चालेल का? मोठा बदल असेल तर हे आधी विचाराच. नाहीतर महिनाभर खपाल आणि ते म्हणतील, आम्हाला हे नकोच होतं.

"एआयकडून लिहून घेतलं तर?" घ्या, पण प्रोजेक्टचा नियम बघा, काहींना अजिबात चालत नाही. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या सॉफ्टवेअरचे डॅनियल स्टेनबर्ग एआयने बनवलेल्या खोट्या बग रिपोर्टांवर किती वैतागलेत, ते त्यांनी जाहीरपणे लिहिलंय. आणि रिव्ह्यूमध्ये, म्हणजे मेंटेनर कोड तपासताना, "ही ओळ का?" असं विचारल्यावर तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. परत एआयला विचारून चिकटवलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, माफ करा, पण येतं.

"दोन दिवस झाले, रिप्लाय नाही." अहो, दोन दिवस! आठवडा-दोन आठवडे जाऊ देत, मग नम्रपणे एकदा आठवण करा. रोज टॅग करू नका.

इन्व्हर्टर ओरडायला लागला. पाठवलेल्या पुल रिक्वेस्टच्या लिंक खाली टाका, रविवारी बसून बघते. पण सांगून ठेवते, अख्खी फाइल लाल-हिरवी दिसली तर मी खाली फक्त "शेपूट" असं लिहिणार आणि पुढच्या लिंकवर जाणार.