कोठडीत जन्मलेली चाल

नमस्कार श्रोतेहो. मानुएल मारिया गुतिएरेस हे नाव तुमच्या कानावरून बहुधा गेलेलं नसेल. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशाचा हा संगीतकार. १८२९ साली एरेदिया गावी जन्मला आणि ऐन तारुण्यात सैन्याच्या बँडचा प्रमुख झाला.

आता ती गोष्ट. १८५२ चा जून महिना. ब्रिटन आणि अमेरिकेचे प्रतिनिधी राजधानी सान होसेत यायचे होते. पाहुण्यांची राष्ट्रगीतं वाजवायची, मग आपलंही वाजायला हवं. आणि यांच्याकडे ते नव्हतंच! राष्ट्राध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनी गुतिएरेसला बोलावलं. म्हणाले, चाल बांध. पोरगा बावीस वर्षांचा. तो म्हणाला, मला एवढं येत नाही. तिकडे असं सांगतात, की मोरांनी त्याला सरळ कोठडीत घातलं. चाल झाली की सुटका! बाहेर स्वागताची लगबग, आत हा एकटा. आणि बघा, चाल उतरली. ११ जूनला, भर दुपारी बारा वाजता, ती पहिल्यांदा वाजली.

कोठडीचा भाग दंतकथा असेलही, तारीख मात्र पक्की. पण मला विचाराल, तर त्याचा तो नकारच मला फार मोलाचा वाटतो. हल्ली चार महिने शिकलेलं मूल मंचावर चढतं, खरं तर आईबाप चढवतात. ‘मला अजून येत नाही’ असं म्हणू द्या हो मुलांना.

असो. पुढे १८५६ साली सांता रोसाची लढाई झाली, तिच्यावरही त्यानं बँडसाठी एक रचना केली. १८८७ साली तो वारला.

आणि शब्द? ११ जूनला वाजली ती नुसती चाल. आज गातात ते शब्द होसे मारिया सेलेदोन यांचे, १९०३ च्या स्पर्धेतले. लक्षात ठेवा, चाल १८५२ ची, शब्द १९०३ चे. मधे एक्कावन्न वर्षं! चाल बांधणाऱ्यानं ते शब्द कधी ऐकलेच नाहीत.

तिथला स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबरला. आदल्या संध्याकाळी, सहाच्या ठोक्याला, देशभरातली रेडिओ केंद्रं एकाच वेळी ही चाल लावतात. रस्त्यातली माणसं असतील तिथे थांबतात आणि गातात. पोरांच्या हातात घरी केलेले कंदील असतात.