अनोळखी माणूस पुन्हा का भेटतो?

मंडळी, परप्रांतात ओझरता भेटलेला माणूस चार दिवसांनी दुसऱ्याच गावात समोर उभा राहिला, की आपण त्याला योगायोग म्हणतो. स्पेनमधल्या कामिनोच्या, म्हणजे सान्तियागोला पायी जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेच्या, वाटेवर असे योग रोज जुळतात, आणि ते का जुळतात याचं गणित मांडता येतं.

फ्रान्समधल्या सां-झां-पिए-द-पोर गावापासून सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत ही वाट सुमारे 780 किलोमीटरची. 30 ते 35 दिवस लागतात. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, बहुतेकांची चाल दिवसाला 20 ते 25 किलोमीटर. मुक्काम आल्बेर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. सार्वजनिक आल्बेर्गेत सहसा एकच रात्र राहू देतात आणि सकाळी आठच्या सुमारास बाहेर काढतात. त्यामुळे एका दिवशी निघालेली माणसं मागेपुढे होत एकत्रच सरकतात. भरभर चालणारा कॉफीला टेकतो, हळू चालणारा त्याला तिथे गाठतो. वाटेतल्या बुर्गोस शहरात एक दिवस जास्त राहिलात, तर तुमचा जथा 25 किलोमीटर पुढे जातो आणि ते अंतर सहसा भरून निघत नाही. मग मागून येणारा जथा तुमचा. वारीत दिंडी आधीच ठरलेली असते. इथे ती चालता चालता जमते.

खरी ओळख मात्र चालताना कमी होते. चढावर कुणाला बोलायला दम असतो? ती होते दुपारी, कपडे धुऊन दोरीवर टाकताना, फोडांना पट्टी लावताना, आणि सगळ्यात जास्त स्वयंपाकघरात. गालिसिया प्रांतातल्या अनेक सरकारी आल्बेर्गेत शेगडी असते पण भांडी नसतात. ज्याच्याकडे पातेलं आहे त्याच्याभोवती आपोआप माणसं जमतात! अख्खा मसूर आणि तांदूळ स्पेनमध्ये कुठल्याही दुकानात मिळतात; हळद-जिऱ्याची पुडी तेवढी घरून न्या, सहा जणांची खिचडी होते. ग्रान्योन गावी तर चर्चला लागून असलेल्या जागेत जमिनीवर गाद्या टाकून झोपतात, जेवण सगळे मिळून रांधतात, आणि पेटीत ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात. या वाटेचा गाभा मला तिथे दिसतो.

आता बिघडतं कुठे ते पाहू. महिन्याभराच्या खोल्या आधीच आरक्षित केल्या, की कुणी 'इथेच राहा' म्हटलं तरी थांबता येत नाही. पहिले तीन दिवस सोडून पुढचं मोकळं ठेवा; उन्हाळ्यात आणि शेवटच्या टप्प्यात, सारिया गावानंतर, गर्दी फार, तिथे आदल्या दिवशी फोन करा. यात्रा पुरी केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे 100 किलोमीटर चाललं तरी पुरतं, म्हणून बरेच जण सारियाहूनच निघतात. पण चारपाच दिवसांत तोच चेहरा कितीदा दिसणार?

दुसरी चूक जास्त महागात पडते. गप्पा रंगल्या म्हणून लांब ढांगांच्या सोबत्याच्या चालीने चालायचं. दोन दिवसांत नडगीचे स्नायूबंध सुजतात आणि आठवडा बसून काढावा लागतो. आपल्याच चालीने चला, 'पुढच्या गावात भेटू' म्हणा. त्यात कुणाला वाईट वाटत नाही.

ओळख किती का जुळेना, पासपोर्ट आणि पैसे झोपतानाही अंगाशीच असू द्या. एकट्या स्त्रीला कुणाची सोबत खटकली, तर तिने आल्बेर्गे सांभाळणाऱ्या ओस्पितालेरोला तसं स्पष्ट सांगावं. तातडीची मदत 112 वर मिळते.

आणि निघताना आल्बेर्गेच्या वहीत तारीख आणि पुढच्या मुक्कामाचं गाव लिहा. मागून येणारे ती वही चाळतात.