एक घोट, एक श्वास

[बोंडल्याचा क्लोज-अप. चोचीशी दुधाचा थेंब.]

हे बोंडलं. घरोघरी गुटी पाजायला वापरतात तेच. इथलं, या नवजात कक्षातलं, स्टीलचं आहे, उकळून घेतलेलं. आत आईचं दूध आहे, पंधरा मिनिटांपूर्वी काढलेलं.

[बाळाचा चेहरा. तोंडाच्या कोपऱ्याशी बोंडलं.]

ही गरोदरपणाच्या तिसाव्या आठवड्यात जन्मली. आज चौतिसावा आठवडा चालू आहे आणि वजन दीड किलोच्या आसपास आहे. एका वेळेला २० मिलिलिटर दूध, म्हणजे चार चमचे. तेवढं प्यायला तिला अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासात पोट भरण्याइतकंच अवघड आणखी एक काम तिला करायचं असतं. पिता पिता श्वास घ्यायचा असतो.

[घशाचं रेखाचित्र.]

दूध आणि हवा घशात एकाच वाटेने येतात. पुढे वाटा फुटतात, एक अन्ननलिकेची, एक श्वासनलिकेची. गिळताना श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि तेवढा वेळ श्वास थांबतो, साधारण अर्धा ते एक सेकंद. तुम्हीआम्ही पाणी पिताना हे आपल्या लक्षातही येत नाही. नवजात बाळ मात्र मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं. एका श्वासाच्या वाट्याला जेमतेम सेकंद-दीड सेकंद येतो, आणि प्रत्येक घोट त्यातूनच वेळ घेतो.

आईच्या पोटात असताना ती गर्भजल गिळत होती. छातीच्या श्वासासारख्या हालचालीही होत होत्या. पण प्राणवायू नाळेतून मिळत होता, त्यामुळे गिळताना श्वास चुकला तरी काही बिघडत नव्हतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो आणि पुढे कित्येक दिवस पक्का होत राहतो. म्हणजे तिला ज्या वयात हे जमवावं लागतंय, त्या वयाची बाकीची बाळं अजून पोटात आहेत.

[मॉनिटर. ९५, ९३, ८९.]

आता बघा. तिने सलग पाच-सहा घोट घेतले आणि मध्ये श्वासच घेतला नाही. रक्तातल्या प्राणवायूचा टक्का दाखवणारा आकडा घसरतोय. पण सिस्टर मॉनिटरकडे बघत नाहीत. पायाला लावलेला सेन्सर काही सेकंद उशिरा सांगतो, बाळ आधी सांगतं.

[हाताचा क्लोज-अप. बोटं फाकलेली.]

बोटं अशी ताठ फाकतात. भुवया वर जातात. ओठांच्या कडेने दूध ओघळतं. नाकपुड्या फुलतात. यातलं एक दिसलं तरी बोंडलं खाली घ्यायचं.

सिस्टर म्हणतात, "थांब गं. आधी श्वास घेऊ दे तिला."

आई म्हणते, "सिस्टर, अजून आठ मिली राहिलंय."

"असू दे. उरलेलं नळीने देऊ."

[मॉनिटर. ८६. मग ९०, ९४.]

मोठं मूल असतं तर दूध घशात चुकीच्या जागी लागताच त्याला ठसका लागला असता. इतक्या लहान बाळाला ठसका लागेलच असं नाही. स्वरयंत्राला दूध लागलं की त्याचा श्वासच थांबू शकतो आणि त्यापाठोपाठ हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे पाजताना आवाज नाही, खोकला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजणं धोक्याचं आहे.

[फीडिंग ट्यूबमधून उतरणारं दूध.]

पहिले काही आठवडे ती नळीवर होती. ही नळी तोंडावाटे घातली आहे. बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, त्यामुळे एक नाकपुडी नळीने अडवली तर एवढ्याशा जिवाला तेही जड जातं. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकलाय. दूध दाबून ढकलायचं नाही, आपल्या वजनाने उतरू द्यायचं. भराभर दिलं तर पोट फुगतं, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खालून वर ढकलला जातो आणि फुप्फुसांना जागा कमी पडते. तोंडाने एक घोटही न पिता, नुसत्या भरल्या पोटाने श्वास बिघडू शकतो, तो असा.

उलटीचं मात्र जपून सांगायला हवं. दूध वर आलं म्हणूनच श्वास थांबला, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. दोन्ही एकाच वेळी मोजून पाहिल्यावर तो संबंध बहुतेक वेळा सापडला नाही. कमी दिवसांच्या बाळाचा श्वास थांबतो तो मुख्यतः मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं म्हणून. त्यासाठी तिला कॅफीन सुरू होतं. त्या औषधाने श्वास चालू राहायला मदत होते. श्वास आणि घोट यांचा मेळ बसायला वेळ आणि सरावच लागतो.

[आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवलेलं बाळ. यालाच कांगारू केअर म्हणतात.]

आणि सराव इथे होतो. नळीने दूध चालू असताना आई आधी दूध काढून घेते आणि मग तिला स्तनाशी धरते. दूध जवळजवळ येत नाही, तरी ती चोखते. गिळण्याची घाई नसते, म्हणून श्वास सुटत नाही.

[बाळ आपणहून अंगावर पिताना. लांब शॉट.]

हा शॉट आम्ही मुद्दाम कापलेला नाही. ती तीन वेळा चोखते, गिळते, थांबते. श्वास घेते. पुन्हा चोखते. दूध कधी यावं हे तीच ठरवते. बाटलीत तसं होत नाही. बाळ थांबलं तरी बाटलीचं निपल तोंडात असेपर्यंत दूध ठिबकत राहतं. अंगावर पिताना कमी दिवसांच्या बाळांचा प्राणवायू बाटलीपेक्षा स्थिर राहतो, हे १९८० च्या दशकातच मोजून दाखवलेलं आहे. तरीही "बाळ थकतं, बाटली द्या" हा सल्ला अजून सर्रास ऐकू येतो. बाटलीची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. या सल्ल्यालाही बंदी असायला हवी होती, असं आम्हाला वाटतं.

आईला दूध कमी असेल तर दुसऱ्या आईचं मिळू शकतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली ती यासाठीच.

[पाजण्याचा तक्ता. सिस्टरचा हात लिहिताना.]

तक्त्यात मिलिलिटरचा रकाना आहे. तोंडाने १२, नळीने ८. श्वासाचा रकाना छापलेलाच नाही. सिस्टर समासात लिहितात : "एकदा ८६. थांबवल्यावर आपोआप वर." पुढच्या पाळीतल्या सिस्टर आधी समास वाचतात. प्रत्येक नवजात कक्षात हा रकाना छापून मिळावा, ही मागणी फार मोठी नाही.

घाईने पाजलेलं दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, बाळ पुन्हा ऑक्सिजनवर जातं, कधी हातचं जातं.

[आई खुर्चीवर. शेजारी वॉर्मर.]

ही आई दिवसभर इथेच असते. भेटीची वेळ वगैरे काही नाही. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि आणखी चार देशांतली रुग्णालयं यांनी मिळून केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आई नवजात कक्षातच राहिली आणि जन्मल्याबरोबर कांगारू केअर सुरू झाली, तेव्हा कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पण आजच्या चित्रणात आम्हाला दिसलं ते वेगळंच. बोटं फाकताना सिस्टरच्याही आधी आईला दिसली. दिवसातली सगळी पाजणी जिने पाहिली, तिला ती दिसणारच.

[डिस्चार्ज. आशाताई घराच्या दारात.]

घरी गेल्यावर मॉनिटर नसतो. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात, वजन करतात. वजन करावंच, पण प्रत्येक भेटीत एक पाजणं शेवटपर्यंत बसून बघावं. डोकं उंच आहे का, बाळ मध्ये थांबून श्वास घेतं का, आई तेवढा वेळ थांबते का. ओठांभोवती निळसर झालं, छाती आत ओढली जायला लागली किंवा पिता पिता बाळ लुळं पडलं, तर दूध तिथेच बंद करायचं आणि बाळाला छातीशी धरून थेट दवाखाना गाठायचा.