पाच गळ्यांचा पहिला अल्बम

मित्रहो, ‘नो एंजल्स’ या जर्मन गायिकांच्या बँडचा ‘एलेमेंट्स’ हा पहिला अल्बम मार्च 2001 मध्ये आला, तेव्हा तो विकत घेणाऱ्यांना त्यातल्या पाचही मुली आधीच ठाऊक होत्या. एरवी गाणे आधी कानावर पडते आणि गाणाऱ्याची ओळख मागाहून होते. येथे क्रम उलटा होता. नोव्हेंबर 2000 मध्ये ‘आरटीएल त्स्वाय’ या वाहिनीवर ‘पॉपस्टार्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याची मूळ कल्पना न्यूझीलंडची, 1999 सालची. हजारो मुलींतून नाद्या बेनाइसा, लुसी दियाकोव्स्का, सँडी म्योलिंग, व्हेनेसा पेत्रुओ आणि जेसिका वाल्स यांची निवड झाली, आणि त्यांच्या तालमी, धास्ती, अश्रू हे सारे प्रेक्षकांनी घरी बसून पाहिले. (हीच कल्पना 2002 मध्ये आपल्याकडे आली आणि ‘व्हिवा’ हा मुलींचा बँड तयार झाला, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.)

त्यामुळे ‘हा वाहिनीने बनवलेला माल आहे’ हा आक्षेप ठरलेलाच होता. तो मला अपुरा वाटतो. बँड कोणी जमवला, हे त्यातून कळते. गाणे कसे झाले, याचे उत्तर मात्र कानांनीच द्यावे लागते.

फेब्रुवारीत आलेले ‘डेलाइट इन युअर आइज’ हे पहिले गाणे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचे ध्रुवपद लक्ष देऊन ऐकावे. तेथे आवाज एकावर एक चढत जातात, तरी त्यांचा एकच गुळगुळीत थर होत नाही. प्रत्येकीचा पोत निराळा राहतो. लुसी बल्गेरियातील प्लेव्हेनची, नाद्या फ्रांकफुर्टची. पाचजणी वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या तयारीनिशी आल्या होत्या, आणि कार्यक्रम सुरू झाल्यापासून अल्बम येईपर्यंत जेमतेम चार महिने गेले होते. इतक्या थोड्या अवधीत पाच गळे एका सुरात आणणे हे कष्टाचे काम आहे, आणि ते येथे मनापासून झाले आहे, असे माझे मत आहे.

‘देअर मस्ट बी अॅन एंजल’ या गाण्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘युरिथमिक्स’ या ब्रिटिश जोडीचे मूळ गाणे 1985 सालचे. त्यात जोडीतल्या गायिका अॅनी लेनॉक्स यांचा एकच आवाज शब्दांवाचून भरारी घेतो आणि स्टीव्ही वंडर यांचा हार्मोनिका त्याला उत्तर देतो. ती झेप गाठण्याचा प्रयत्न करणे अवघडच होते. नो एंजल्सनी ते गाणे आपसांत वाटून घेतले, आणि एकटीच्या विस्मयाऐवजी मैत्रिणींचा आनंद त्यातून ऐकू येऊ लागला. नावातच ‘देवदूत नव्हे’ म्हणणाऱ्या मुलींनी देवदूताचे गाणे निवडावे, हे मला फार आवडते.

अल्बममधील सगळीच गाणी या तोडीची नाहीत. काही त्या काळच्या नृत्यसंगीताच्या ठशातून निघालेली आहेत. शीर्षकाच्या मूळ लेखनात मात्र ‘एल’ हा फ्रेंच शब्द, म्हणजे ‘ती’, वेगळा काढून दाखवला आहे, आणि तो या ध्वनिमुद्रणाला शोभतो.

2021 मध्ये वीस वर्षे झाली म्हणून या बँडने आपली जुनी गाणी नव्याने गायली. या वेळी व्हेनेसा नव्हती. तिच्या वाट्याच्या ओळी उरलेल्या चौघींनी गायल्या.